हळद ‘नको’च्या यादीत

गुगलवर जाहिराती चालवणाऱ्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक अतिशहाणा सर असला की पुरे! उल्हासनगरात जीन्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं दोन, सर आणि मी. भिंतीवर सरांचं तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, तेही लॅमिनेट केलेलं.

बदलापूर गावातल्या सुमनकाकू आमच्याकडे आल्या. सासऱ्यांच्या जागेवर त्यांनी कार्यांसाठी लॉन केलं होतं. दिराला मात्र जागा बिल्डरला द्यायची होती. "दिवाळीपर्यंत एक तरी बुकिंग दाखव वहिनी, नायतर सही कर!" काकूंचा सगळा जीव त्या जागेत.

*

सरांनी कीवर्ड टाकला ‘लग्नाचं लॉन’ आणि मॅच ठेवला ब्रॉड. म्हणजे लग्नाशी लांबून नातं असलेलं काहीही कोणी शोधलं, तरी गुगल काकूंची जाहिरात दाखवणार.

मी म्हटलं, "सर, एक्झॅक्ट ठेवू या ना. लॉन शोधणाऱ्यालाच दिसेल."

"एक्झॅक्ट म्हणजे भिकारडेपणा! जाळं मोठं टाकायचं!"

जाळ्यात काय आलं? भाड्याची शेरवानी, कोर्ट मॅरेज, घोडी. अंबरनाथचा एक जण तर स्थळंच मागायला लागला. काकू फोनवर ओरडल्या, "अरे बाला, मी मांडवाला जागा देते, नवरी नाय!"

*

मग सर रिपोर्ट घेऊन नाचायला लागले. "बघा काकू, बदलापूर गावातून रोज सकाळी क्लिकच क्लिक!"

काकू खुलल्या. "मंग? आमच्या घरातले सगले उठल्या उठल्या आपली जाहिरात शोधतात नि दाबतात!"

दर क्लिकमागे गुगल पैसे कापतं, तेही काकूंचेच. सरांनी रिपोर्ट गुपचूप ड्रॉवरमध्ये सरकवला.

*

स्थळवाल्यांना वैतागून सरांनी निगेटिव्ह कीवर्ड टाकले. हे शब्द शोधात असले की जाहिरात दिसतच नाही. पहिलाच शब्द काय टाकावा? ‘लग्न’!

चार दिवस काकूंचा फोन मुका. सरांची छाती फुगलेली. "बघितलंस? एकही फालतू कॉल नाही!"

असल्या माणसाला कोर्सवाले सर्टिफिकेट देतात तरी कसं, देव जाणे!

*

‘लग्न’ मी काढलं. तरी गावातला एकही फोन येईना. काकू ऑफिसात येऊन बसल्या, डोळे भरलेले. दिवाळी आठवड्यावर आली होती. मी ‘नको’ची यादी त्यांना वाचून दाखवली. "शेरवानी, घोडी, हळद..."

"हलद कोणी टाकली?"

सर म्हणाले, "मीच. छोटे घरगुती कार्यक्रम कशाला?"

काकू उठून उभ्याच राहिल्या. "छोटे? सायेब, आमच्यात लगनाला मानसं कमी आली तर चालतात. हलदीला अख्खा गाव नाचतो!"

सर चहा सांगायला म्हणून जे गेले, ते परत आलेच नाहीत. मी ‘नको’च्या यादीतून हळद काढली आणि ‘हळदीसाठी लॉन’ एक्झॅक्टमध्ये टाकलं.

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी काकूंकडे गेले. दीर सहीचे कागद घेऊन ओट्यावर बसलेला. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

बाई बोलत होती. जाहिरात बघून फोन केला म्हणाली. पुतण्याच्या हळदीला लॉन हवं होतं, माणसं खूप. नाव सांगितलं तसा दीर ताठ बसला. त्याच्या बिल्डरची बायको!

"नि ताई," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या पोराची हळद पण तुमच्याकडंच करू. जागा असेल ना तेव्हा?"

काकूंनी फोन दिराच्या हातात दिला. "भावजी, तुमीच सांगा."