साहेबरावचा भोंगा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या भराभर उगवल्या; पिकं तेवढी उगवली नाहीत. आज या कचेरीचं उद्घाटन, उद्या त्या कचेरीचं. आणि उद्घाटन म्हटलं की भोंगा आलाच. निलंग्याच्या साहेबरावनं हे हेरलं. टायफॉइडनं कान जाण्याआधी तो उदगीरला माणिकप्पाच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात कामाला होता.

बायकोला, पंचफुलाला घेऊन तो कर्जासाठी लातूरला गेला. अपंगांच्या योजना बघणारे रेणुकादास साहेब भला माणूस. आधी साहेबरावच्या कानाशी ओरडून बघितलं, मग ते पंचफुलाकडे वळले.

"यांना ऐकू येत नाही. भोंग्याचा धंदा कसा करणार?"

"भोंगा लोकांनी ऐकायचा असतोय साहेब."

"ते खरं. पण आमच्याकडं मेणबत्त्या, खडू आणि खुर्च्या विणणं. चौथं काही बसत नाही."

शेवटी पंचफुलानं चांदीचे गोठ मोडले. माणिकप्पानं जुनं मशीन आणि दोन भोंगे दिले. पहिलं काम वस्तीवरच्या भीमजयंतीचं. साहेबराव भोंग्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून आवाज जोखायचा. गर्दीच्या टोकाला पंचफुला उभी. तिचा हात वर गेला की आवाज वर, खाली आला की खाली.

पुढं टंचाईची सभा आली. तालुक्यातले बाकीचे भोंगे उद्घाटनांना गुंतलेले, म्हणून सभेची तयारी अंगावर पडलेले रेणुकादास नाइलाजानं साहेबरावच्या दारी आले.

सभेत पुढारी पाणी वाचवण्यावर बोलायला उठले आणि बसायचं विसरले. तेवढ्यात मंडपामागं टँकर लागला. "पाणी वाटायलोय, या!" टँकरवाला ओरडत होता, पण भोंग्यापुढं त्याचं कोण ऐकणार? पंचफुलानं हात हळूहळू खाली आणला, पार जमिनीला टेकवला. साहेबरावनं बटण तेवढंच फिरवलं.

हाक ऐकू आली आणि सभा घागरींसकट उठली. पुढारी बोलतच राहिले. व्यासपीठावरचे टाळ्या वाजवतच राहिले.

रेणुकादास धावत आले. "आवाज कुठं गेला?"

पंचफुलानं खुणेनं नवऱ्याला विचारलं. साहेबराव गंभीरपणे म्हणाला, "मला काय ठावं साहेब? मला ऐकू येत न्हाई. तुमीच तर सांगितलंत."

कर्ज काही मिळालं नाही. मेणबत्त्यांचा साचा मात्र सरकारी जीपमधून घरपोच आला. स्वावलंबी अपंग म्हणून साहेबरावचा सत्कारही झाला. सत्काराला भोंगा त्याचाच होता, त्याचं भाडं तेवढं द्यायचं राहिलं.

पण पार किल्लारीपर्यंतच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. गावकरी बजावून सांगत, "पुढारी येणार हाय. तुमचाच भोंगा पायजे, आन् पंचफुलाबाईला घेतल्याबिगर येऊ नका."