कुजबुज पडद्यावर येते

सकाळी मी दाढीला साबण फासून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात कुजबुज धापा टाकत दारात आली.

"महाराज, बोलावलंय मला. टीव्हीवाल्यांनी."

कुजबुज ही आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. विंगेत, पडद्याच्या घडीआड एका स्टुलावर बसायची आणि नटांना विसरलेले शब्द पुरवायची. तिचा आवाज रंगमंचाच्या मध्यावर मला स्वच्छ ऐकू यायचा, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ता नसायचा. म्हणून ती कुजबुज. मी जन्मभर राजेच केले, म्हणून मी महाराज. कंपनी बंद पडली तेव्हा मी घरी बसलो आणि ती एका दवाखान्यात पेशंटना आत बोलावण्याच्या कामाला लागली. आपला नंबर येऊन कधी गेला ते कळतच नाही, अशी तिथल्या पेशंटची तक्रार असे.

पण तिचा जीव अडकला होता माहितीपटांत. टीव्हीवर एखादा लागला की ती आवाज बंद करायची आणि त्या चित्रांवर स्वतःचं निवेदन लिहायची. मुंग्या काय मुक्यानं बघायच्या, म्हणून तिची आई शेजारी बसून करवादायची. असे नमुने ती माहितीपट बनवणाऱ्या दिसेल त्या संस्थेला पाठवत आली होती. कुठूनही साधी पोचसुद्धा नाही. आणि आता एका दिग्दर्शिकेचा फोन आला होता. काचेच्या कारखान्यावरची तिची फिल्म कापून, जोडून तयार होती, लेखक मात्र मधेच सोडून गेला होता. निवेदन लिहून आणा, चित्रावर वाचून बघू, असं तिनं सांगितलं होतं. जमलं तर ही फिल्म कुजबुजची आणि पुढचीही तिचीच. नाही तर दुसरा एक लेखक दाराशी उभाच होता.

"वाचणार कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच की. मला दुसऱ्या कुणाच्या श्वासावर लिहिता येत नाही."

उरलेली दाढी मी गाणं म्हणत केली. कितीतरी वर्षांनी मला भूमिका मिळाली होती!

संकलनाची खोली म्हणजे जाड पडद्यांनी झाकलेली एक चिंचोळी जागा. भिंतींना काळा स्पंज, टीव्हीसारखे दोन मोठे पडदे आणि त्यांच्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला संकलक. कोपऱ्यात काचेआड माइकची खोली, आमच्या मेकअपच्या खोलीहूनही लहान. दिग्दर्शिका आमच्या मुलींच्या वयाची, केस पेन्सिलीनं बांधलेले. तिनं मान हलवली आणि मी सुरू केलं.

भट्टी धगधगते आहे. कारागीर लांब नळी आत घालतो. तिच्या टोकाला काचेचा लालभडक गोळा येतो. कारागीर गाल फुगवून फुंकर मारतो. मी तर असा रंगलो की भट्टीसुद्धा लाजावी.

फिल्म थांबली.

"आजोबा, शेवटच्या रांगेला छान ऐकू गेलं असतं," दिग्दर्शिका म्हणाली. "पण ती रांग इथे नाही." मग ती कुजबुजकडे वळली. "ताई, भट्टी दिसतेय. गोळा दिसतोय. फुगलेले गालही दिसतायत. लोकांना डोळे आहेत ना? कुठे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीत तुम्ही."

ती चहाला म्हणून बाहेर गेली. जाताना फोन हातात घेतला. तो कुणाला लागणार हे आम्हाला कळलं.

कुजबुजनं हातातले कागद उलटेपालटे केले. ती पुटपुटली, "कुठे शांतता दिसली की माझा हात थांबतच नाही, महाराज. वाटतं, कुणीतरी अडकलंय."

तिचंही खरंच होतं. विंगेत बसणाऱ्याला शांततेइतकी धास्ती कशाची नसते. पण मला आमच्या नाटकातला शेवटचा प्रवेश आठवला. राजा मुकुट उतरवतो आणि कितीतरी वेळ बोलत नाही. एकदा ती आजारी होती, तेव्हा तिच्या जागी बसलेल्यानं त्या शांततेत माझं वाक्य भिरकावलं आणि सगळं थिएटर हसलं. तिनं मात्र तिथे कधीच शब्द टाकला नव्हता. मी तिला विचारलं, "मी थांबलोय की विसरलोय, हे तुला कळायचं कसं?"

"खांद्यावरून," ती म्हणाली. "विसरलात की तुमचा उजवा खांदा वर जायचा."

इतकी वर्षं रंगमंचावर काढली आणि हे मला आज कळत होतं. मी खांदा चाचपतोय तोवर ती पडद्याकडे वळली होती. संकलकाला म्हणाली, "दादा, एकदा नुसती दाखवता का? आवाजाशिवाय?"

ती पुढे सरकून बसली, अगदी त्या जुन्या स्टुलावर बसायची तशी. चित्र पुढे सरकत होतं आणि तिच्या पेन्सिलीखाली ओळीच्या ओळी खोडल्या जात होत्या. भट्टी गेली, गोळा गेला, गाल गेले. एका जागी ती थांबली. कारागीर तयार बरणी एका मंद भट्टीत ठेवतो आणि झाकण लावतो. का, ते चित्र सांगत नव्हतं. तिथे तिनं लिहिलं.

दिग्दर्शिका परत आली. कुजबुज म्हणाली, "अजून एकदाच." या खेपेला ती माझ्यासोबत माइकच्या खोलीत शिरली. आम्ही दोघं तिथे मावतो न मावतो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात दाबला की बोलायचं, नाही तर गप्प.

किती वेळ हात हललाच नाही. नुसता भट्टीचा घुमणारा आवाज, नळीतला श्वास. मग झाकण लागलं आणि तिची बोटं दाबली गेली. मी हळू म्हणालो, "बरणी तयार दिसते, पण झालेली नाही. हिला सावकाश निवू द्यायचं. आत्ता बाहेर काढली, तर कुणी हात न लावताही तडकेल."

काचेपलीकडे दिग्दर्शिका पाठमोरी होती. ती वळली नाही. चहाचा कप तोंडापाशी नेलेला, तो तिथेच राहिला. फिल्म संपली तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"पुढची दोरखंडांच्या कारखान्यावर आहे," ती म्हणाली. "दोरखंडांशी कधी संबंध आलाय तुमचा?"

"मग, पडदा ओढायला काय सुतळी असायची?" कुजबुज म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला.

फिल्म लागली त्या संध्याकाळी आम्ही तिच्या आईच्या पलंगाभोवती बसलो होतो. शेवटी लेखिका म्हणून लेकीचं नाव पडद्यावर आलं, चांगलं ठळक अक्षरांत. म्हातारीनं चष्मा वर केला.

"एवढंसं तर लिहिलंय," ती म्हणाली. "आणि नाव बघा केवढं मोठं."