अकोल्याचा हात

दसऱ्याच्या सकाळी अमरावतीच्या तार ऑफिसात मी एकटाच होतो. सणाची ड्युटी कोणी मागून घेत नाही, मी घेतो. कारण दसरा हा अकोल्याच्या शंकर इंगळेचा वाढदिवस, आणि तारेवर पहिल्या शुभेच्छा माझ्या, असा आमचा नेम. मी सुरुवात करणार, तेवढ्यात अकोल्याहूनच ठोके आले, टेबलावरचा साउंडर कडकडायला लागला. परतवाड्याकडे पाठवायची तार होती. 'शंकर इंगळे वारले, ताबडतोब निघा.' हात मात्र इंगळेचाच! आवाजावरून माणूस ओळखावा, तसे आम्ही तारबाबू एकमेकांना हातावरून ओळखतो. शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधी इंगळे किंचित थांबायचा, तोंडातलं पान सावरल्यासारखा. तोच थांबा मी ऐकत होतो. मला हसू आलं. वाढदिवसाला एकमेकांना खोटी बातमी ठोकायची ही आमची जुनीच खोड. तुझी मेळघाटात बदली झाली, तुझा पगार बंद झाला, असलं काहीबाही. मी लगेच उलट ठोकलं, "मेलेला माणूस तार करते काय बे? पहिले केक पाठव, मंग मर."

 मग त्याच हातानं, तोच थांबा घेत उत्तर आलं. "काका, मी सुजाता. बाबा खरंच गेले."

सुजाता म्हणजे त्याची लेक. अकोल्याच्याच ऑफिसात नुकतीच लागली होती. मोर्स तिला बापानंच घरी शिकवलं आणि शिकवता शिकवता आपला हातही देऊन टाकला. तिचं काम दुसऱ्या तारेवर असायचं, त्यामुळे मी तो कधी ऐकला नव्हता. पहाटे त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर येईतो सगळं आटोपलं. परतवाड्याच्या मामाला कळवायचं होतं. बाबांची तार मीच देईन, म्हणून ती पोर ऑफिसात येऊन बसली होती. आणि तिला मी काय ऐकवलं! त्याची लाज मला अजून वाटते.

आमची दोस्ती पन्नास सालानंतरची. अमरावती, अकोला, भुसावळ ही तीन ऑफिसं एकाच तारेवर. भुसावळला फर्नांडिस नावाचा गोव्याकडचा ख्रिस्ती होता. तार मोकळी असली की आमच्या टिवल्याबावल्या सुरू. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. एकदा फर्नांडिसनं आपल्या वाढदिवसाच्या केकचं असं काही वर्णन ठोकलं, की इंगळेनं विचारलं, "केक म्हंजे गोड भाकर का?" मग फर्नांडिस त्याच्या मागेच लागला, तुझा वाढदिवस कधी? इंगळे म्हणाला, "शाळेत मास्तरनं लिहिली ते तारीख हाय. मायले विचारलं तर म्हणते, ज्वारी सोंगून झाली होती." यावर फर्नांडिसनं निकाल देऊन टाकला, "ये आदमी तो पैदा ही नहीं हुआ!"

छप्पन्न साली दसऱ्याला इंगळे नागपूरला दीक्षा घेऊन आला. कामावर रुजू झाल्या झाल्या त्यानं ठोकलं, "फर्नांडिस, तारीख भेटली. मी दसऱ्याले जन्मलो." त्या दिवशी आम्ही दोघांनीही थट्टा केली नाही. फर्नांडिसनं फक्त हॅपी बर्थडे म्हटलं आणि मी त्याच्या मागून तेच म्हटलं.

माझा वाढदिवस त्रिपुरी पौर्णिमेचा. त्या वर्षी इंगळेनं गार्डाच्या हाती बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवला, मुरमुऱ्याच्या लाडवांनी भरून. लाडू त्याच्या बायकोनं केले होते. आमच्या माईनं विचारलं, "इंगळे म्हंजे कोन्ते?" मी सांगितलं. तिनं डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मी ओसरीवर उभा राहून, तिच्या डोळ्यांदेखत लाडू खाल्ले. दुसऱ्या दिवशी इंगळेला सगळं सांगून टाकलं, आमच्यात लपवाछपवी नव्हती. त्यानं विचारलं, "डबा तरी घरात घेतला का?" म्हटलं, नाही, ऑफिसात आणला. साउंडरच्या मागे ठेवलाय, आवाज खणखणीत येतो. तो म्हणाला, "मंग राहू दे तिथंच. मी येईन तवा सरळ आत येईन. तुह्यी माय या म्हनेल तवा."

माई कधी म्हणाली नाही. मीही तिच्याशी फार भांडलो नाही. म्हातारी माणसं बदलत नाहीत अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. इंगळे मात्र दर त्रिपुरीला सकाळीच ठोकायचा, "म्हाताऱ्या, अजून जित्ता हायेस?" आणि माझं ठरलेलं उत्तर जायचं, "तुले पोचवल्याबिगर जात नाही." मागच्या वर्षी माई गेली. यंदा पोळ्याच्या सुमारास मी त्याला म्हटलं, या त्रिपुरीला घरी जेवायले ये. आत.  मग म्हणाला, "पाट मोठा ठेव. मी लय जाडा हाये." मी घरी सांगितलं, पाहुणा जाडा आहे, पुरणपोळ्या जास्तीच्या करा.

दसऱ्याच्या त्याच दिवशी बदली माणूस बसवून, मिळेल त्या गाडीनं मी अकोल्याला गेलो. अंगणात गर्दी होती. मी गर्दीतून पुढे सरकलो आणि इंगळेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. जाडा कुठला! पार वाळका माणूस. गालफडं बसलेली, ओठ पानानं रंगलेले. तिथंही थट्टाच केली होती लेकाच्यानं! मी हमसून हमसून रडलो. लोक विचारायला लागले, हे कोण? सुजाता म्हणाली, "अमरावतीचे कुळकर्णीकाका." मी खांदा दिला. मोर्णा नदीच्या काठापर्यंत सगळ्यांबरोबर चालत गेलो.

परत आल्यावर साहेबांना सांगून मी अकोल्याची तार सोडली. तिथं आता सुजाता बसणार होती, आणि तो हात पुन्हा ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं. फर्नांडिसलाही काही कळवलं नाही, त्याला सुजातानं सांगितलं म्हणे. डबा मी घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. कोणी काही म्हणालं नाही, म्हणायला माई उरली नव्हती.

परवा त्रिपुरीला दुपारच्या बसनं सुजाता आली. मी बोलावलं नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, "बाबाईले यायचं होतं. मी आली तर चालते का?" मी तिला ओसरीवर थांबूच दिलं नाही. थेट आत नेलं आणि त्याच्यासाठी काढलेल्या मोठ्या पाटावर बसवलं. ती जेवली. हात धुऊन आल्यावर तिची नजर फळीवर गेली. "हा आमच्या घरचा डबा नं?" मी मान हलवली. तिनं तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि झाकणावर नखानं वाजवू लागली. सौ. आणि मुलं नुसती बघत राहिली, त्यांच्या लेखी ती टकटक होती.

"म्हाताऱ्या, अजून जित्ता हायेस?" शेवटच्या अक्षराआधी तोच थांबा...

मग तिनं डबा माझ्यापुढे सरकवला आणि वाट पाहत राहिली. मी झाकणावर बोट टेकवलं. इतक्या वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं. ते मला वाजवता आलं नाही. त्याला मी पोचवून आलो होतो.