तळहाताखालचं मिशिगन

‘अमेरिकन भंगार’ हे शब्द कुणी उच्चारले की आजही माझं डोकं फिरतं. दोन हजार नऊ साली मात्र, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये, ते मीच उच्चारले होते. मंदीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून कंटेनरमधून आलेली जुनी गाडी मी घेतली होती आणि तिचा एसी बंद पडला होता.

रत्नागिरीकडच्या त्या मेकॅनिकने पाना खाली ठेवला. गाडीच्या कप्प्यात सापडलेला नकाशा त्याने बॉनेटवर पसरला आणि त्यावर डावा पंजा ठेवला. मिशिगनचा पंजासारखा दिसणारा मोठा भाग त्याखाली नेमका बसला.

“तिन्ही बाजूंनी ही तळी, साहेब. बोटांच्या वर हे बेट. तिथं मोटारीला बंदी, लोक घोडागाडीतून फिरतात. आणि हा अंगठ्याखालचा मुलूख. आधी लाकूडतोड, मग बग्ग्या, मग मोटारी. आता मोटारींचा कारखाना खलास.” त्याने खिशातून एका कामगाराचा फोटो असलेला कारखान्याचा पास काढला. “हाही कप्प्यातच होता. ज्यानं गाड्या बनवल्या, त्यालाच आपली विकायला लागली. यात भंगार कोण, सांगा ना!”

तो ओरडला नाही. त्या पासवरची धूळ तेवढी अंगठ्याने पुसत राहिला.

दुबईच्या ऑफिसात त्याच आठवड्यात मी नोकरीवरून काढायच्या माणसांची यादी करत होतो. आम्ही हसत हसत त्या फाइलला नाव दिलं होतं, ‘स्क्रॅप’. नाव मीच सुचवलं होतं.