रुपालीची पांढरी गच्ची

माझ्या धाकट्या जावेबद्दल विचाराल तर सगळं वडनेर भोलजी गाव चांगलंच सांगेल. मी खरं सांगते. रुपाली मेहकरची. तिच्या वडिलांचं तिथे मोटारी आणि पंखे रिवाइंडिंग करायचं दुकान होतं, त्यामुळे पोरगी जळक्या तारांच्या वासात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा बायका तिची साडी पाहत होत्या आणि ही मान वर करून आमचा पंखा पाहत होती. "ताई, हा पंखा लय वीज खात असन," हे तिचं माझ्याशी पहिलं धड बोलणं. ती मला तेव्हापासूनच आवडली नाही.

आमची घरं शेजारीशेजारी. वाटण्या झाल्यावर दोघा भावांनी एकाच मिस्त्रीकडून बांधून घेतली. स्लॅब सारखा, खोल्या सारख्या, पश्चिमेची ती भाजणारी खिडकीही सारखी. मी थोरली म्हणून फरशी आधी मी निवडली, एवढंच काय ते माझ्या बाजूने जास्त.

मग रुपालीने एकेक सुरू केलं. जुने पंखे काढले आणि कमी विजेवर चालणारे, रिमोटवाले लावले. फ्रीज घ्यायला गेली तर रंग सोडून त्याच्यावरच्या चिठ्ठीतले तारे पाहत बसली. घरी आणल्यावर तो भिंतीपासून लांब ठेवला, का तर त्याची गरमी मागून निघून गेली पाहिजे म्हणे. माझा फ्रीज भिंत आणि कपाटाच्या मधे घट्ट बसवलेला, वर क्रोशाचं झाकण, झाकणावर फुलदाणी. दिसायला कुणाचा बरा होता ते गावाला विचारा. नंतर तिने पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी जाळी बांधून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. आणि एका होळीनंतर बाई गच्ची झाडून तिला पांढरा चुना फासायला लागली.

"गोठ्याले देतेत चुना," मी कठड्यावरून म्हटलं. "घराच्या डोक्यावर कोन देते?"

"ऊन परत फिरते ना ताई," ती म्हणाली आणि कुंचला मारत राहिली.

मी ते गावभर केलं. बायका हसल्या, मलाही बरं वाटलं. पण ऊन चढलं तसे आमचे मालक जेवण झालं की हरिओमभाऊंकडे, म्हणजे माझ्या दिराकडे, सुपारी खायच्या निमित्ताने जायला लागले आणि सगळी दुपार तिथेच काढायला लागले. एकदा परत येऊन मलाच म्हणाले, "तिच्या घरी काऊन इतकं गार वाटते, समजूनच नाही राह्यलं." त्या दिवशी त्यांना माझ्या हातचा चहा मिळाला नाही.

माझ्या पोटात दुखत होतं, ते मी कशाला लपवू? घर तेच, मिस्त्री तोच, सूर्य काही तिने वेगळा आणला नव्हता. तरी तिच्या घरातून येणारा माणूस हसत यायचा आणि माझ्या घरातून जाणारा घाम पुसत जायचा. वरून ती साधी. मिरवणारी असती तर निदान भांडता आलं असतं.

यंदा माझी लेक पुष्पांजली ऐन वैशाखात पहिल्या बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, हा आमच्याकडचा शिरस्ता, आणि त्यात आईची अब्रू असते. मी नांदुऱ्याहून एसी आणवला. जुना होता, पण एसी होता, आणि रुपालीकडे एसी नव्हता. बसवणारा म्हणाला, आता कूलर काढून टाका. कूलर काढणारी बाई आमच्या भागात मला अजून भेटायची आहे. एकाने गार होतं तर दोघांनी जास्त गार होईल, एवढं मला कळतं. मी कूलर खिडकीतून काढून आत पलंगाशी ओढला, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावली, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली आणि दोन्ही एकदम सुरू केले.

मग रुपालीला मुद्दाम हाक मारून खोली दाखवली. तिने भिंतीला हात लावला आणि हात पदराला पुसला.

"ताई, बंद खोलीत कूलरनं हवा ओली होते, अन् ते पानी एसीले खेचा लागते. दोघं एकमेकाशी भांडून राह्यले. एकच ठेवा."

"तुह्या घरी एसी आला का मंग शिकवजो मले," मी म्हटलं.

आठवडा गेला नाही तोच गादीला ओल्या पोत्याचा वास यायला लागला. पुष्पाच्या अंगाला नुसती चिकचिक. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की एसी कण्हायचा, आणि एका दुपारी कण्हायचाही थांबला. वर तापलेला स्लॅब, आत वाफ. पोरगी पोट सांभाळत उठली आणि म्हणाली, "आई, मी जराशी काकूकडे पडते."

जराशी म्हणजे आधी एक दुपार. मग तिची उशी गेली. मग कपडे गेले. मी माझ्या पोटच्या पोरीसाठी ताट वाढून दुसरीच्या उंबऱ्यात नेऊन देत होते. बायका विचारायच्या, "पुष्पाचं बाळंतपन रुपालीकडे आहे काय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी तिथे जाऊन पुष्पाला म्हटलं, "चाल घरी."

"तिथं जीव घाबरते व आई. इथं झोप लागते मले."

"अन् दवाखान्यातून आल्यावर?"

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, काकूकडे पाहिलं. रुपाली दोडके चिरत होती. "इथंच आना बाळाले," ती म्हणाली. "दोन्ही घरं आपलीच ना ताई."

तिचं मन साफ होतं, तेच मला सोसलं नाही. दोन्ही घरं आपली असतात ती ज्याच्या घरी पोरगी झोपते त्याच्यासाठी. मी ठरवलं, नातवाचा पहिला उंबरा माझाच.

पुष्पाला कळा सुरू झाल्या आणि तिला खामगावच्या दवाखान्यात नेलं. मूल झालं, मुलगाच झाला, दोघं सुखरूप. पण टाक्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना काही दिवस ठेवून घेतलं. त्यांच्याजवळ माझी बहीण राहिली आणि मी गावी परतले. लोक म्हणाले, कशी आई आहे. म्हणू दे. मी गच्चीवर चढले. या वयात, गुडघे असे, आणि हातात चुन्याची बादली.

कठड्यापलीकडे रुपाली वाळवण उचलत होती. माझ्याकडे पाहून हसली नाही, हे तिचं नशीब.

"ताई, एक हात पातळ पडन. उद्या सकाळी दुसरा हात आडवा मारा. उन्हात मारू नोका, भाजन."

"मले माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वर गेले तर कठड्यावर डिंक कालवलेल्या चुन्याची बादली तयार होती. ती सगळी वापरली आणि रिकामी बादली तिथेच ठेवली. आभार मानायला मी गेले नाही. एसी भंगारात दिला. कूलर पुन्हा खिडकीत बसवून समोरचं दार उघडं ठेवलं. पंखा बदलला. हिरवी जाळी मिळाली नाही म्हणून खिडकीबाहेर माझी एक जाड साडी ताणून बांधली. दुपारी खोलीच्या मधोमध उभी राहिले तेव्हा डोक्यावरचा तो नेहमीचा ताप नव्हता. मी एकटीच हसले.

रिक्षा आली ती माझ्या दाराशी. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुष्पाच्या पायावर पाणी घातलं आणि बाळ आत घेतलं. रुपाली तिच्या ओट्यावर उभी होती. मी तिला हाकही मारली, कारण आता मला परवडत होतं. ती आली, बाळाचे तळवे पाहिले आणि पोरीला झोपू द्या म्हणून लगेच निघून गेली.

पुष्पा पलंगावर पडली. बाळ तिच्या कुशीत. दुपार भर उन्हाची, पण दोघांच्या कपाळाला घामाचा टिपूस नव्हता. मी शेजारी बसून वाट पाहत होते. कशाची ते आईला सांगावं लागत नाही.

पुष्पाने डोळे मिटले आणि समाधानाने सुस्कारा सोडला.

"किती बरं वाटून राह्यलं व आई," ती म्हणाली. "अगदी काकूच्या घरी असल्यासारखं."

मी हो म्हटलं आणि बाळाची दुपटी धुवायला उठले.