लालबागच्या चाळीत भरलेला नकाशा

रत्नागिरीहून निघालेली बोट सकाळी भाऊच्या धक्क्याला लागली. काखेत नकाशाची पत्र्याची नळी, त्यामुळे ट्रंक एकाच हाताने उतरवावी लागली. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर असूनही रस्त्याने मुंबई गाठायची हिंमत मला झाली नव्हती, यावरून त्या रस्त्याची कल्पना यावी.

थेट फोर्टातल्या कचेरीत गेलो. त्याच रस्त्यावर आमच्या नदीवरचा नवा पूल एकेरी बांधायचा की दुहेरी, हे ठरायचं होतं. नकाशावर मी वाहतूक शाईने दाखवली होती. जिथे गाड्या जास्त, तिथे रेघ जाड. साहेबांनी चष्मा पुसून नकाशा निरखला.

"तुमचीच रेघ सुतासारखी बारीक आहे. दुहेरी पूल कुणासाठी मागता?"

"पुढे वर्दळ वाढेल, साहेब."

"कुठून वाढेल ते दाखवा. उद्या दुपारी कागद वर जाणार."

ट्राम धरून लालबागला मावसभावाकडे, बाळादादाकडे, गेलो. तो गिरणीत साचेवाला (मागावर कापड विणणारा). वहिनींनी बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट रस्सा) वाढलं, पण माझं जेवणात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी खोलीत नकाशा पसरला, तेव्हा शेजारच्या काकू दारात थबकल्या.

"ह्यात कणकवली खंय (कुठे) आसा?"

मी बोट ठेवलं. काकूंनी वाकून त्या ठिपक्यावरून हळूच हात फिरवला.

"पावसाळ्यात बोट बंद. गणपतीक घाटावरसून फिरान जावचा लागता. रस्तो झालो तर सगळी चाळ त्याच वाटेन जातली."

मी बाळादादाकडे पाहिलं. मग नकाशावर पारदर्शक कागद अंथरला आणि काकूंच्या घरासाठी लालबागपासून कणकवलीपर्यंत पेन्सिलीची रेघ ओढली. बातमी जिन्यावरून वर गेली. माणसं आली, आपापली गावं सांगू लागली. एका आजोबांचं गाव नकाशात नव्हतंच. त्यांनी नदीचं वळण सांगितलं, मी ठिपका दिला. इतक्यात वहिनींच्या हातून महाडवर सोलकढी सांडली. त्या चपापल्या.

"असू दे," बाळादादा म्हणाला, "महाडला पूर काही नवा नाही."

सगळे हसले. मी मात्र कागदाकडे बघत होतो. आमच्या नदीजवळ रेघांचा दोरखंड झाला होता.

सकाळी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला आणि ट्राम बंद पडल्या. बाळादादा मोर्चात निघालाच होता. मीही त्याच्याबरोबर चालू लागलो. माझी नळी गर्दीत चेपू नये म्हणून अनोळखी माणसांनी दोन्ही बाजूंनी हात आडवे धरले. घोषणा देत, घामाने निथळत फोर्टात पोचलो.

साहेबांनी कागद नकाशावर बसवला. एक रेघ म्हणजे लालबागच्या चाळीतलं एक घर, हे मी त्यांना सांगितलं.

"ही सगळी एका चाळीतली माणसं?"

"हो. सगळ्यात वरचा मजला राहिलाच."

ते मोकळेपणाने हसले आणि त्यांनी तांबड्या पेन्सिलीने पुलाशेजारी लिहिलं: दुहेरी.

परतीच्या बोटीत डेकवर किनारा बघत बसलो. आजवर मी रस्त्यावर दिसेल तेवढीच वर्दळ धरत आलो होतो. ज्यांना गावी यायचं आहे आणि वाट नाही, त्यांना कुठल्याच नाक्यावर बसून मोजता आलं नसतं.

गावी पोचल्यावर नदीवर गेलो आणि पुलाच्या रुंदीच्या खुंट्या ठोकल्या. तरीवरचा नावाडी काठावर येऊन उभा राहिला.

"एवढा रुंद? यावरून दोन वराती समोरासमोर जातील की."

"जातील," मी म्हणालो, "वाजंत्री न थांबवता."