पांढऱ्या दोऱ्यांची गाडी

टेलरकाकूंना स्वस्थ बसता येत नसे. तसं ते कधीच येत नव्हतं. पण दुकान बंद केल्यापासून हा आजार फारच बळावला. जेवताना मध्येच उठून त्या पडद्याची दुमड सारखी करून येत. टीव्ही बघता बघता सोफ्याच्या उशीची शिवण नखाने चाचपत. तयार कपड्यांपुढे शिवून घेणारी गिऱ्हाइकं कमी होत गेली, शेवटी चेन बदलणं आणि उंची कमी करणं एवढंच काम उरलं, तेव्हा एके दिवशी त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून दुकानाची पाटी उतरवली होती. शिलाईची मशिनं घरी आली. हात मात्र घरी यायला तयार नव्हते. ते दिवसभर शिवशिवत.

"अगं, जरा बस की," काका म्हणत.

"बसलेच आहे की."

"तू बसलीयस. तुझे पाय कुठेतरी निघालेत."

काका एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वस्तू जागच्या जागी असली की त्यांना शांत झोप लागे. लग्न झाल्यापासून त्यांचं एक काम ठरलेलं होतं: घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचे दोरे वेचायचे. टेलरिणीचं घर, सोफ्यावर दोरे, भातात दोरे, लेकीच्या दप्तरात दोरे. काका दारात उभे राहून बायकोच्या खांद्यावरचा, लेकीच्या पाठीवरचा दोरा चिमटीत धरून काढत, त्याची गोळी करत आणि खिशात टाकत. त्यांच्या मायेची ती एक पद्धतच होती म्हणा.

अशात काकूंचा थोरला भाऊ मुलाकडे कायमचा राहायला निघाला. त्याची जुनी हॅचबॅक गाडी कित्येक वर्षं आच्छादनाखाली उभी होती. तो ती भंगारात द्यायला निघाला होता.

"मला दे, दादा," काकू म्हणाल्या.

"तू काय करणार तिचं?"

"उसवून बघते."

दादा हसला. गाडी मात्र दोरखंडाने ओढत काकूंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. चाकं बसलेली, दाराच्या खालच्या कडेला गंजाची झालर, सीटमधून स्पंज बाहेर आलेला. काकू तिच्याभोवती फिरल्या, एका ठिकाणी वाकल्या, दुसऱ्या ठिकाणी टकटक केली. माप द्यायला आलेल्या नव्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशा त्या गाडीकडे बघत होत्या.

मग सुरू झालं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, शेडमध्ये पळायचं, परत येऊन तोच व्हिडिओ मागे घ्यायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी चुकीच्या बाजूला जोर लावून एक बोल्ट तोडला आणि तो बाहेर काढता काढता त्यांच्या तोंडून असे शब्द आले की काकांनी खिडकी लावून घेतली. पण हळूहळू जमू लागलं. गंज घासला, प्रायमर मारला, तडकलेले रबरी पाइप बदलले. सीटची कव्हरं तर अशी शिवली की कोपऱ्यावरचा टायरवाला, जो कशालाच चांगलं म्हणत नसे, तो दोनदा हात फिरवून गेला. आणि गाडी नुसती जुन्यासारखी करून काकूंचं समाधान होणार नव्हतं. त्यांना मागे बघायचा कॅमेरा हवा होता, एका बटणात चारी दारं बंद व्हायला हवी होती, मोबाइल चार्ज करायची सोय आणि अंधारात लख्ख उजेड पाडतील असे नवे दिवे हवे होते.

या हव्यासाला कारण होतं. त्यांची लेक, जिला घरात सगळे ठमू म्हणत, फिजिओथेरपिस्ट झाली होती. तिला नोकरी मिळाली होती ती दूरच्या डोंगराळ भागात. पेशंटच्या घरी जाऊन उपचार करायचे. घरं लांब लांब, बस दिवसातून मोजक्या. आपली पोर व्यायामाच्या साहित्याची बॅग घेऊन कुठल्यातरी ओसाड थांब्यावर ताटकळत उभी आहे, हे चित्र काकूंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. ती रुजू व्हायच्या आत गाडी तयार व्हायला हवी होती, आणि ठमूने ती न्यायला हवी होती.

पहिली गोष्ट काकूंच्या हातात होती. दुसरी नव्हती.

"आई, तू कपड्यांत पक्की आहेस, मान्य," ठमू म्हणाली होती. "पण कपडा उसवला तर माणूस मरत नाही."

हे वाक्य काकूंना मुळीच झोंबलं नाही असं त्यांनी दाखवलं. त्या उठून भांडी घासू लागल्या. ती भांडी घासलेलीच होती.

"आणि कच्चा टाका काढायला विसरायची तुझी जुनी सवय आहे," ठमूने पुढे टोचलं. "वक्तृत्व स्पर्धेला मी पांढऱ्या दोऱ्यांचा कोट घालून बोलले होते."

"पहिली आलीस ना?"

"सगळे परीक्षक कोटच बघत होते."

कच्चा टाका हीच काकूंची सगळी विद्या होती. कापड एकदम पक्कं शिवायचं नाही. आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून सगळे तुकडे नुसते जोडायचे, अंगावर चढवून बघायचं, कुठे ओढतंय, कुठे झोल येतोय ते पाहायचं, आणि सगळं बसलं की मगच पक्की शिलाई मारून पांढरा दोरा काढून टाकायचा. गाडीलाही त्यांनी हाच नियम लावला. कुठलाही बोल्ट आधी नुसता हाताने बसवायचा आणि त्याच्या मानेला पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक बांधायचं. दोरा आहे म्हणजे टाका कच्चा. सगळा भाग नीट बसला की मोठ्या पान्याने पीळ द्यायचा. त्यांच्याकडे असा एक पाना होता की हवा तेवढा जोर लागला की तो 'टक्' असा आवाज करी. तो आवाज आला की दोरा दाताने तोडायचा. अर्धवट गाडी त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या कानातल्या केसांसारखी जिथेतिथे पांढरी दिसे, पण काकूंना एका नजरेत कळे की कुठे काय राहिलंय.

ब्रेकमधली हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात. काका आत बसले, काकू चाकापाशी आडव्या.

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय."

"अहो, सोडलात कशाला?"

"पाय भरून आला."

"हवा शिरली परत. आता पहिल्यापासून."

"लग्नातसुद्धा एवढ्या सूचना नव्हत्या."

"होत्या. तुम्ही ऐकल्या नाहीत."

ठमू पायरीवर बसून चहा पीत हे ऐकत होती. ती हसली, आणि कप ठेवून म्हणाली, "उठा बाबा, मी दाबते." त्या दिवशी तिने पहिल्यांदा गाडीला हात लावला. काकूंनी चाकाखालून नुसतं "दाब" म्हटलं. पण आशा आणि भीती अशा दोघी एकदमच त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. ठमू रुजू व्हायचा दिवस तर जवळ येत चालला होता.

ती निघायच्या आदल्या दिवशी गाडी जॅकवरून उतरून स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. चाकांचे नट शेवटचे पिळायचे ते गाडी जमिनीवर टेकल्यावर. काकूंनी कामाला सुरुवात केली. इकडचे काही, तिकडचे काही. कारण एका जागी संपवून दुसरीकडे जाणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सीटकडे वळल्या, मध्येच बॅटरीचा पट्टा आठवला, तो होतो न होतो तोच मागच्या दिव्याचा बल्ब पेटेना. दोरे आहेतच की, म्हणत त्या पाना टाकून नवा बल्ब आणायला बाजारात गेल्या.

परत आल्या तर शेड रिकामी.

काका दारात हात पुसत उभे होते. चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा आनंद.

"गाडी कुठाय?"

"ठमू घेऊन गेली, चक्कर मारायला. तिला आवडली गं. मी जरा पुसूनबिसून चकाचक केली ना, म्हणून."

"पुसली?"

"सगळी. आणि दोरे किती राहिले होते तुझे. पोर उद्या परक्या गावात जाणार, आणि गाडीला दोरे लोंबतायत, बरं दिसतं का ते? चाकांच्या फटीत हात घालून घालून काढले." त्यांनी खिशातून पांढऱ्या दोऱ्यांची सुपारीएवढी गोळी काढून दाखवली.

काकूंनी त्या गोळीकडे बघितलं. हातातला बल्ब त्यांनी अगदी हळू पायरीवर ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते राहिले नव्हते. ते ठेवले होते."

काकांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले. काकूंनी ठमूला फोन लावला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तिथेच वाजला. काकू रस्त्यावर आल्या. कोणत्या दिशेने गेली असेल? उजवीकडे चालत गेल्या, कोपऱ्यावरून परतल्या, डावीकडे गेल्या. टायरवाल्याला विचारलं. "मघाशी गेली की. जोरात होती," तो म्हणाला. कुठला नट पिळला, कुठला राहिला, काही म्हणता काही आठवेना. ब्रेकचे बोल्ट? त्यांना आवाज आठवत होता, पण तो आजचा की कालचा? आयुष्यभर हजारो कपडे हातावेगळे केले आणि त्यांतला एकही त्यांनी लक्षात ठेवला नव्हता. लक्षात ठेवायचं काम दोऱ्याचं होतं. काका मागून येऊन शेजारी उभे राहिले. दोघंही रस्त्याकडे बघत होती. प्रत्येक इंजिनाच्या आवाजाला काकूंची मान वळे.

मग वळणावर ते नवे दिवे दिसले.

ठमू गाडी शेडपाशी थांबवून खाली उतरली. तिचा चेहरा फुलला होता.

"आई, काय चालते गं. आणि तो मागचा कॅमेरा. मी ठरवलंय, बसचं तिकीट रद्द. उद्या हीच नेते."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी काकूंचा जीव टांगणीला लागला होता, ते असं समोर आलं. त्यांनी पाना उचलला, पुढच्या चाकापाशी बसल्या आणि एका नटाला लावला. नट फिरला. आणखी फिरला. बऱ्याच वेळाने 'टक्' झालं.

ठमू बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले.

"तू हिच्यातून जाणार नाहीस," काकू म्हणाल्या.

"आता घट्ट केलास ना? बाकीचेही कर. मी थांबते."

"संध्याकाळ होत आली. घाईत मी काय करते ते तू बघितलंयस. कोट आठव."

"आई, चूक बाबांची आहे."

"त्यांनी दोरे काढले. मी गाडी अर्धी टाकून बल्ब आणायला गेले." काकू उठल्या. "कपडा उसवला तर माणूस मरत नाही. हे तूच म्हणालीस. बरोबर म्हणालीस."

सकाळी ठमू बसने गेली. काकांनी नेहमीप्रमाणे दारात तिच्या पाठीवरचा दोरा काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्यानंतर काकूंनी पूर्ण गाडी पुन्हा उसवली. चाकं, ब्रेक, बॅटरी, दिवे, दारं. एका जागचं काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही, असा त्यांनी स्वतःला दम दिला होता. आणि त्यांच्या मानाने तो फार मोठा दम होता, पाय सारखे उठू उठू करत. काका लांब बसून पेपर वाचल्यासारखं करत. एकदा त्यांनी विचारलं, "हा एक दोरा खाली पडलाय, उचलू का?"

"हात लावू नका."

"बरं."

टायरवाल्याने तपासून मान हलवली, तपासणी केंद्रातूनही गाडी बिनतक्रार सुटली. ठमूचा फोन आला की ती कधी येऊन नेऊ असं विचारी. काकू म्हणत, "बघू." काका म्हणाले, "आता काय राहिलंय?" तर त्या म्हणाल्या, "अंगावर चढवून बघायचं राहिलंय. तिच्या नव्हे, माझ्या."

एका सकाळी काकूंनी स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं. शहराबाहेर त्यांनी कधी गाडी नेली नव्हती. काका शेजारी बसले, पट्टा लावला आणि डोळे मिटले. रस्ताभर काकूंचे कान गाडीत होते. खडखड आली की थांबायचं. बहुतेक वेळा ती काकांच्या जेवणाच्या डब्याची असे. घाट सुरू व्हायच्या आधी एका झाडाखाली त्यांनी गाडी उभी केली, पाना काढला आणि चारी चाकांचे नट पुन्हा बघितले. एकही हलला नाही. त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या, क्षणभरच, मग पुन्हा घाई सुटली.

ठमू राहत होती त्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा ती पेशंटकडे निघालीच होती, बॅग खांद्याला. तिने आईकडे बघितलं, घाटाकडे बघितलं.

"तू चालवत आणलीस?"

"मग काय ढकलत आणली?"

ठमू हसली. बॅग ठेवायला तिने काका उतरलेल्या बाजूचं दार उघडलं, वाकली आणि तशीच थांबली.

"आई. हे काय आहे?"

सीटच्या मागच्या कोपऱ्यात, चटईच्या कडेखाली, एका बोल्टच्या मानेला पांढरा दोरा होता. काकांच्या नजरेतून सुटलेला आणि काकूंच्याही. चारांतले तीन बोल्ट पक्के होते. चौथा बल्ब आणायला गेल्या त्या दिवसापासून तसाच होता; पुन्हा सगळं उसवताना सीट तेवढी राहून गेली होती.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मी सगळा घाट कच्च्या टाक्यावर बसून आलो."

"मला वाटलंच, तुम्ही आज एवढे गप्प कसे," काकू म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा पडला होता. त्या ठमूकडे बघेनात. गाडीची किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली होती, जणू परत फिरायचीच तयारी.

ठमूने डिकीतून पाना काढून आणला आणि आईसमोर धरला. काकू गुडघ्यांवर बसल्या, लावला, पिळला. 'टक्'. मग सवयीने पुढे वाकून दोरा दाताने तोडला.

ठमूने तो दोरा आईच्या ओठांवरून चिमटीत घेतला, त्याची गोळी केली आणि बाबांच्या खिशात टाकली. मग आईची मूठ उघडून किल्ली काढून घेतली.

"चला, बसा दोघं," ती म्हणाली. "पेशंट वाट बघतायत. आणि आई, तू मागे बस. पुढे बसलीस तर सारखी उठशील."